पंखाला रंग लावायचा नाही

"आधी नीट बघा," असं म्हणून बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि वस्तूच्या इतक्या जवळ जायच्या, की आता नाक टेकणार असं वाटावं. कॅन्टोन्मेंटातल्या मिशनच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, मी गणित. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्या दुर्गाघाटावरच्या, पिढ्यानपिढ्या काशीकर. मी नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे इथे आलेली.

शाळेच्या आवारात जुनं चर्च आहे. तिथे वेदीमागे लाकडात कोरलेली द्राक्षवेल आणि दोन देवदूत होते, सगळ्यावर सोन्याचा वर्ख. जागोजागी तो झिजून खालचा तांबूस थर दिसायचा. बाई मुलींना तिथे चित्रं काढायला बसवायच्या.

नाताळच्या तोंडावर एका सकाळी आम्ही गेलो, तर रंगारी सोनेरी ऑइलपेंटचा डबा घेऊन शिडीवर. एक पंख रंगवूनही झाला होता. नव्या पितळी घागरीसारखा चकाकत होता. बाईंनी रंगाऱ्याला खाली उतरवलं आणि पदर खोचून स्वतः शिडीवर बसल्या.

फादर आले. लोकांना सगळं नवं हवंय, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. बाई हलेनात, तेव्हा म्हणाले, "मॅडम, आप तो क्रिश्चन भी नहीं हैं."

"नाहीच," बाई हिंदीतच म्हणाल्या. "पण शेजारी आग लागली तर मी बादली उचलते, जात विचारत बसत नाही. पंखाला रंग लावायचा नाही."

रंगारी गेला. पण फादरही हट्टाला पेटले. त्यांनी सगळं कोरीवकाम उतरवून कोठीत टाकलं.

बाई रिटायर झाल्या, तरी दर रविवारी यायच्या. प्रार्थना संपली, की फादरांना विचारायच्या, परत कधी लावणार? मग चौकीदाराकडून किल्ली घेऊन कोठीत वाळवी लागली का बघायच्या आणि त्या पंखावरचा पेंट टवका टवका करून काढत बसायच्या. गल्लीतल्या एका काकूंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, धर्म बदललात की काय?"

"बदलला असता, तर तुमच्याकडे तीळगूळ खायला आले असते का?" असं म्हणून बाईंनी आणखी एक वडी उचलली.

गेल्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त होऊन त्या गेल्या. मणिकर्णिकेवर शाळेतले बरेच जण आले होते, फादरही. ते एका बाजूला मान खाली घालून उभे होते.

त्यानंतरच्या शनिवारी शाळेचा सुतार, पीटीचे सर आणि मी कोठी उघडली. तो पंख अर्धाच साफ झाला होता. तसाच वर चढवला. सुतारानं एकदा विचारलं, की परवानगी? मी त्याच्या हातात खिळे दिले.

रविवारी मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले. फादर आत आले, वेदीपाशी थांबले. बराच वेळ वर बघत राहिले. मग आमच्याकडे वळले, पुस्तक उघडलं आणि प्रार्थना सुरू केली.