सी ड्राइव्ह दोघांलेही पाहिजे

पवनीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवलं की दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी झाडते. किस्से डोक्यात जाऊन बसतात, आणि खरं सांगते, माझं डोकं त्यांनीच फिरतं!

दुकान आम्हा दोघांचं. नवरा, म्हणजे राजू, झेरॉक्स काढतो, रिचार्ज मारतो. नागपूरला जाऊन कोर्स केला मी. लॅपटॉप उघडते मी. हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर मशीनचं पोट उघडं, तरी गिऱ्हाईक दारातून काय विचारणार?

"ताई, भाऊ कुठी गेले?"

अरे, काहून? भाऊंना लॅपटॉप चालू कुठून होतो तेवढं ठाऊक आहे. इतकी वर्षं झाली, एकदा तरी कोणी म्हणावं ना, की ताई, तुम्हीच पाहा!

एका कॉलेजातले बाबू. विंडोजच्या शेजारी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाकायची म्हणून व्हिडिओ पाहून घरीच सुरू झाले. मध्येच मशीननं विचारलं, डिस्कवरचं सगळं काढून टाकू का? बाबूंनी 'हो' दाबलं! मी म्हटलं, "वाचलं नाही का?"

"वाचलं ना! पण ताई, इतकी वर्षं ऑफिसात आहो. हो म्हटल्याबिगर कोणतं काम पुढं सरकते?"

लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात होते. मी तीन दिवस ती डिस्क खणत बसले. फोटो परत आले. बाबूंचे डोळे भरून आले. तसेच उठले, झेरॉक्सच्या काउंटरवर गेले आणि राजूचा हात धरला. "भाऊ, तुमच्या हातात जादू आहे बाप्पा!"

आणि राजू? "असू द्या, असू द्या" म्हणाला!

मग मी पाटी लावली, 'आधी बॅकअप घ्या'. दुसऱ्या दिवशी एका शाळेतल्या मॅडम आल्या. त्यांच्या लॅपटॉपची डिस्कच बसली होती, फिरतच नव्हती.

"बॅकअप घेतला होता?"

"हव ना! डी ड्राइव्हमध्ये."

"मॅडम, सी आणि डी एकाच डिस्कवर असतात. एका घरातल्या दोन खोल्या. घराले आग लागली तर?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पण मी पासवर्ड लावला होता ना!"

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. नाही तर काही तरी बोलून बसले असते.

एक जावई नाकाडोंगरीहून सासुरवाडीला आलेले, सोबत सासरे. जावई इंजिनिअर. दुसरी सिस्टीम टाकायला सी मोठा करायचा होता, म्हणून त्यांनी डी लहान केला. जागा सुटली, पण डीच्या पलीकडे! सी काही वाढेना. "सॉफ्टवेअरच खराब आहे. तुम्हाले नाही समजणार, भाऊंले बोलवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सासऱ्यांकडे वळले. "काका, शेतात ओळीनं धानाच्या तीन बांध्या आहेत. तिसरी रिकामी. ती पहिलीले जोडायची, अन् मधातच दुसरीत धान उभं. जोडता येते?"

"कशी येईन? दुसरी सरकवा लागन ना तिकडं!"

"बस्स!" शेतातली बांधी सरकत नाही, डिस्कवरची सरकते. सरकवली, काम झालं. जावई निघताना म्हणतात कसे, "भाऊंले एकदा दाखवून घ्या बरं!"

आता नामदेव आणि सुखदेव. सख्खे भाऊ, वर्षभरापासून अबोला. भांडण एकच, रस्त्याकडच्या बांध्या कोणाच्या? आणि घरात लॅपटॉपही एकच. बाकाच्या दोन टोकांवर बसले आणि म्हणाले, याच्यात दोन विंडोज टाका, याचं त्याले दिसू नये.

"सी मले पाहिजे," नामदेव म्हणाला. "मोठा मी आहो."

"काहून ताई? रस्त्याकडचं बी याले, सी बी यालेच?" सुखदेव माझ्याकडे पाहून म्हणाला.

"भाऊंले बोलवा, ते न्याय करतीन!" नामदेव म्हणाला.

राजू आला. विचार करून म्हणाला, "टॉस करा." मी त्याच्याकडे पाहिलं, तो परत झेरॉक्सकडे गेला.

मी म्हटलं, दुपारी या. बरोबर अर्धी अर्धी डिस्क केली, दुसरं विंडोज टाकलं, एकाचं दुसऱ्यापासून लपवलं. आता विंडोजचा स्वभाव असा, की जे सुरू कराल ते स्वतःच्याच घराला सी म्हणतं. नामदेवनं आपलं उघडून पाहिलं, सी! गालात हसला. सुखदेवनं आपलं पाहिलं, सी! तोही हसला. आपल्याला काय मिळालं ते एकानंही दुसऱ्याला सांगितलं नाही. मीही कशाला सांगू?

परवा सकाळी दोघं परत आले. एकाच मोटरसायकलवर!

"लॅपटॉप बिघडला का?" मी विचारलं.

"लॅपटॉप बेस आहे," सुखदेव म्हणाला. "दोघांलेही सी भेटला ना! आता तशीच शेताची वाटणी करायची आहे. बांध्यांवर चला."

राजूनं झेरॉक्सची मशीन बंद केली, केस नीट केले, चपला घातल्या. "चला."

नामदेव म्हणाला, "तुम्ही बसा भाऊ. ताईंले पाठवा."