पडद्यावरचे दोन-शून्य

शिवाजी पेठेत प्लाझ्मा टीव्ही उघडून दुरुस्त करणारा आता एकटा आकाराम उरला आहे. वय त्रेसष्ट. दुकान बंद करून पेठ वडगावला लेकीकडे राहायला जायचं त्याने कधीच ठरवलंय, पण तालमीतला पन्नास इंची प्लाझ्मा त्याला सोडत नाही. चौदा वर्षांपूर्वी तालमीने तो त्याच्या शब्दावर घेतला. "काळं ते काळंच दिसंल, आन् चेंडू पळताना मागं शेपूट सोडणार न्हाय," असं तो म्हणाला होता. ते खरं निघालं, म्हणून पोरं दुसरा टीव्ही घेत नाहीत आणि बिघडला की त्यालाच बोलावतात.

गेल्या हंगामात तालमीच्या फुटबॉल संघाने फायनल दोन-शून्यने मारली. कॅप्टन सम्राटने रेकॉर्डिंग शेवटच्या मिनिटावर थांबवलं आणि जिंकलेला स्कोअर विझवायचा नाही, असं फर्मान काढलं. मिरवणूक, गुलाल, रश्श्याच्या पंगती. पाच दिवस पडदा तसाच. तेव्हापासून कुठलीही मॅच लावा, कोपऱ्यात फिकट दोन-शून्य दिसतंच.

यंदा पहिल्याच मॅचला तालीम हरली. परवा सम्राटने आकारामला बोलावून घेतलं.

"मामा, आमी मार खाल्लाय आन् वर दोन-शून्य झळकतंय. पलीकडच्या तालमीची पोरं मुद्दाम बघाय येत्यात."

"पाच दिवस आरती कुणी ववाळली त्याला?"

तालमीचे जुने पैलवान बाळासो मध्ये पडले. "डाग जातोय का न्हाय, तेवढं सांग. न्हायतर भंगारात घालतो."

'न्हाय' म्हटलं की सुटका होती. आकारामने पडद्याकडे पाहिलं. हिरवं मैदान अजून ओलं वाटावं इतकं गडद होतं.

"जातोय," तो म्हणाला. "पण डागाची जागा झिजलीया. बाकीचा पडदाबी तेवढाच झिजवाय लागंल. आठ दिवस नुसता पांढरा ठेवायचा. चित्र मात्र मंद हुईल."

"मंद झालं तर तू हाईस की," बाळासो म्हणाले.

त्याने पांढरा पडदा लावला. मग बाहेर कट्ट्यावर येऊन लेकीला फोन केला.

"पूर्णिमा, माझ्या खोलीत यंदा सोयाबीनची पोती ठेवा."