क्रियापदबाई

बसदुरुस्तीच्या कारखान्यात तिला सगळे क्रियापदबाई म्हणत, आणि हे नाव पाडलं रेडिएटर विभागातल्या एका वात्रट कारागिरानं.

ती आधी शाळेत व्याकरण शिकवायची. नोकरी कायम होईना, म्हणून कारखान्याच्या मनुष्यबळ खात्यात कारकून झाली. काम असं, की कारखान्यातल्या प्रत्येक पदाची नीट व्याख्या करायची: या पदावरचा माणूस काय करतो, त्याला काय यावं लागतं, तो कुठल्या श्रेणीत बसतो. पुढे किती माणसं लागतील आणि कुणाला काय शिकवावं लागेल, याचा अंदाज त्यावरून बांधायचा. जुनी वर्णनं तिनं वाचली आणि कपाळावर हात मारला. निम्म्या पदांपुढे एकच ओळ होती: ‘वरिष्ठ सांगतील ती कामे करणे.’

घरी आल्यावर ती वहिनीला म्हणाली, “हे काय वर्णन झालं? हे तर कुठल्याही सुनेला लागू पडेल!”

वहिनी इतकी हसली की हातातला चहा सांडला. वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची बायको. दादा त्याच कारखान्यात गिअरबॉक्सचा फिटर होता. भावाबहिणीची घरं एकाच जिन्यावर, वरखाली.

दुसऱ्या दिवसापासून बाई कारखान्यात फिरायला लागली. “तुम्ही काय आहात?” असं विचारलं की उत्तर यायचं ‘फिटर’ किंवा ‘हेल्पर’, आणि गाडी तिथंच थांबायची. मग तिनं प्रश्न बदलला. “आज सकाळपासून काय काय केलंत?”

“काम केलं,” रेडिएटरवाला म्हणाला.

“ते दिसतंय. क्रियापदं सांगा.”

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा छताकडे. “घासलं. पुसलं. गळकं भोक झाळलं. दोन्ही तोंडं बंद करून हवा भरली. पाण्यात बुडवलं. बुडबुडे बघितले. झालं समाधान, क्रियापदबाई?”

सगळा विभाग खदखदून हसला. तीही हसली, पण एकूण एक क्रियापद लिहून घेतलं.

वर्षभर हे असं मजेत चाललं. मग एका सकाळी फलकावर सूचना लागली. डिझेलच्या बसगाड्या हळूहळू बंद होणार, विजेच्या येणार, आणि इंजिन विभाग गुंडाळणार. बाहेरच्या सल्लागारांनी तक्ता करून दिला होता. त्यात इंजिन, रेडिएटर, गिअरबॉक्स यांच्याशी संबंधित प्रत्येक पदापुढे एकच शब्द होता: अतिरिक्त. विजेच्या गाड्यांसाठी माणसं बाहेरून घेणार होते.

त्या दिवसापासून बाई दिसली की विभाग गप्प व्हायचा. कालपर्यंत थट्टा करणारी माणसं आता पाठ फिरवून उभी राहायची. तिच्या हातातली वही म्हणजे काट मारायची वही, असा सगळ्यांचा ग्रह झाला. दादानं तर बोलणंच टाकलं. जिन्यात समोर आली तरी भिंतीकडे बघत उतरायचा.

चार-पाच दिवस तिनं सोसलं. मग सरळ वर गेली. दादा जेवायला बसला होता.

“बोलायचं नाही, हे तरी बोलून दाखव,” ती म्हणाली.

दादानं घास खाली ठेवला. “वर्षभर आमची मापं घेत होतीस. कशाची गं? सदऱ्याची की कफनाची?”

ती मागे हटली नाही. “सदऱ्याची, दादा. पण तुम्ही अंगच चोरून बसलात तर शिवू कशी? त्या तक्त्यात फक्त पदांची नावं आहेत. तुमच्या हाताला काय काय येतं, ते त्यात कुठंच नाही. ते मला मांडू द्या.”

दादा पुन्हा घास कालवू लागला. वहिनीनं पळी पातेल्यावर आपटली. “ती पोटतिडकीनं सांगतेय, आणि तुम्ही ढिम्म! उद्या चार जणांशी बोला.”

दादा चार जणांशी नाही, सगळ्या विभागाशी बोलला. मग माणसं हातचं न राखता सांगू लागली. आता बाईनं कामांची वाटणी वेगळ्या तऱ्हेनं केली. कोण कुठल्या यंत्रावर बसतो हे बाजूला ठेवलं आणि कुणाला काय करता येतं ते पुढे घेतलं. विजेच्या गाडीला इंजिन नसलं तरी तिची बॅटरी तापते. ती थंड ठेवायला नळ्या आणि पाणी लागतंच, आणि गळती शोधण्यात रेडिएटरवाल्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. इंजेक्टरवाले, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे बारीक भाग दुरुस्त करणारे, धूळ नसलेल्या खोलीत, हातमोजे घालून केसाएवढी फट मोजत आले होते. बॅटरी उघडायला तीच शिस्त लागते. गिअरबॉक्सवाल्यांना जड भाग अचूक जुळवून बसवता यायचे, मोटर बसवायला तेच लागतं. आणि इंजिनाचे भाग कातडी जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या टाकीत धुणारे काका कागदोपत्री नुसते ‘हेल्पर’ होते. पण अंगावर काय चढवायचं, कुठल्या झाकणाला कधी हात लावायचा नाही, अपघात झाला तर आधी काय करायचं, हे त्यांना झोपेतही येत होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या टाकीवर एकालाही भाजलं नव्हतं. काय येत नाही, तेही तिनं झाकलं नाही. मोठ्या दाबाच्या विजेची कुणालाच माहिती नव्हती. ती शिकवावी लागणार होती.

बैठकीत साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या प्रमुखांनी, तिचं मांडणं शेवटपर्यंत ऐकलं. सल्लागार म्हणाले, “हे लोक फार तर मदतनीस होतील.”

“मदतनीस म्हणजे नेमकं काय करणारा?” बाईनं विचारलं. “सांगा, मी लिहून घेते.”

सल्लागार आपल्या तक्त्याची पानं उलटू लागले. साहेबांच्या ओठांच्या कडा हलल्या. “बाई, पटतंय. पण मला पुरावा हवा. तीन महिने प्रशिक्षण देतो. परीक्षा गाडी बनवणारे घेतील, आपण नाही. पास झाले तर पदं त्यांची.”

परीक्षा म्हटल्यावर दादा पुस्तकाला हातच लावेना. शाळा सोडून जमाना झाला होता. बाईनं स्वतः त्याला शिकवायचं टाळलं. उद्या कुणी म्हणायला नको, की बहिणीनं भावाला पुढे काढलं. मग वहिनीनं सूत्रं हातात घेतली. दादा जेवायला बसला की ती पुस्तक उघडायची. “वीज बंद केल्यावर लगेच हात लावायचा का?”

“नाही. आधी मोजायचं, वीज उरली नाही ना.”

“मग ही घ्या भाजी.”

उत्तर चुकलं की भाजी परत पातेल्यात. जिन्यावरच्या साऱ्या बिऱ्हाडांना विजेची सुरक्षितता पाठ झाली.

निकालाच्या दिवशी बाईनं कागद स्वतः वाचला नाही. वाचला तो रेडिएटरवाल्यानं, मोठ्यानं, एकेक नाव घेत. दोघं नापास झाले होते; तेही पुढच्या खेपेला पास झाले. बाकीचे सगळे पास. सुरक्षेच्या विषयात टाकीवाले काका पहिले. ‘सुरक्षा-पर्यवेक्षक’ असं पद त्यांच्यासाठी नव्यानं तयार झालं, आणि त्याची व्याख्या त्यांनी बाईला उभ्या उभ्या सांगितली. दादाचं नाव आलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग सगळ्यांदेखत बहिणीजवळ आला आणि तिच्या डोक्यावर ग्रीसचा हात ठेवला. ती ओरडली, “अरे, केस!” पण हात काढू दिला नाही.

साहेबांनी सल्लागारांचा तक्ता मोडीत काढला. बससेवेच्या इतर सगळ्या कारखान्यांची पदंही आता याच पद्धतीनं बांधायची ठरली, आणि त्या कामाची प्रमुख म्हणून तिचीच नेमणूक झाली.

पुढे महिन्याभरात त्यांनी दुरुस्त केलेली पहिली विजेची बस फाटकाबाहेर निघाली. चाचणीसाठी चालवायला दादाच बसला होता. गाडी हलली तरी आवाज कसला तो नाही. नव्या गाडीचं हे असं मांजरीसारखं जाणं कुणालाच रुचेना. तेवढ्यात रेडिएटरवाल्यानं हातातला पाना लोखंडी खांबावर आपटला. मग दुसऱ्यानं, मग साऱ्यांनी. पाने, हातोडे, रिकामे डबे, मिळेल ते बडवत माणसं गाडीमागून फाटकापर्यंत गेली. टाकीवाले काका पुढे होऊन रस्त्यावरची वाहनं थांबवत होते. क्रियापदबाईकडे वाजवायला काहीच नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या आणि वर्गात ओरडायची तशी, पूर्ण आवाजात ओरडली, “चालली! चालली!”