लक्ष्मी विरुद्ध इंगोले सर

सातवीत असताना मी माझ्याच सरांवर केस टाकली होती.

आणि जिंकली होती!

ते इंगोले सर आज सकाळी वारले, मंगळवेढ्यात, त्यांच्या घरी. मेसेज आल्यापासून रडतेय. पण खरं सांगते, मधूनच हसू फुटतंय. रागावू नका. सर असते तर म्हणाले असते, "रडतीस कशापायी? केस सांग की त्यास्नी!"

तर ऐका.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे दिवस. आमच्या घरी तेलुगू. अम्मा विड्या वळायची, नान्ना, म्हणजे वडील, मागावर कापड विणायचे. मराठी मी शाळेतच शिकले.

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. आधीचे सर पुस्तक वाचून दाखवायचे आणि आम्ही डुलक्या काढायचो.

मग इंगोले सर आले. मंगळवेढ्याचे. बोलणं अस्सल तिकडचं. पहिल्याच दिवशी विचारलं, "घटना म्हंजे काय? कोण सांगतंय?"

मी टुणकन उठले. "सर, कालच झाली! स्टँडसमोर टांगा उलटला!"

अख्खा वर्ग फिदीफिदी. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. अहो, पेपरात रोज 'दुर्दैवी घटना' असंच यायचं की!

सर मात्र खूश. "बरुबर हाय तिचं. टांगा उलटला ती घटना आपोआप घडली. ही दुसरी घटना हाय. ही माणसांनी बसून घडवलीया. चला, आपण बी वर्गाची घडवू."

आणि खरंच घडवली हो! चार दिवस नुसता कल्ला!

कलम एक : वर्गात सगळे सारखे.

कलम दोन : हे सरांनाही लागू.

कलम तीन : बदल करायचा तर दर तिघांतल्या दोघांचे हात वर पाहिजेत. "एकट्याचा हात चालायचा न्हाय. माझा बी न्हाय," इति सर.

मग फळ्यावर तीन गोल. कायदा करणारे, कायदा राबवणारे, आणि दोघांचं चुकलं तर सांगणारे. खालच्या पट्ट्यांवर बसणारे सगळे आमची लोकसभा. मॉनिटर सुरेश पंतप्रधान. खिडकीचा कोपरा कोर्ट.

न्यायाधीश दस्तगीर. गोट्यांत भांडण झालं की दोन्ही पार्ट्या त्यालाच विचारायच्या, म्हणून.

आता मुद्दा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं ग्राउंडवर खो-खोला. आणि वर्ग कोण झाडणार? मुली! शहाबादी फरशी, खडूची भुकटी, नाकातोंडात धूळ. मला खो-खो खेळायचा होता हो. जीव तुटायचा माझा.

पाळीची यादी भिंतीवर. सगळी मुलींची नावं. खाली सही, इंगोले.

मी कलम एक वाचलं. मग यादी वाचली. परत कलम एक वाचलं. डोकंच फिरलं माझं!

अम्माला सांगितलं, सरांवर केस टाकते. ती ओरडली, "पिच्चिदाना! वेडी झालीस? त्यांनी शाळेतून नाव काढलं तर बस माझ्या शेजारी विड्या वळत."

तरी सोमवारी वहीच्या पानावर अर्ज लिहून दस्तगीरच्या हातात दिला.

सरांनी अर्ज वाचला. चेहरा गंभीर. मला वाटलं, संपलं आता. वळा विड्या.

सर खुर्ची सोडून उठले आणि कोर्टासमोर खाली पट्टीवर जाऊन बसले. आरोपीसारखे!

"बोला," म्हणाले.

मी बोलले. काय बोलले देव जाणे. एवढं आठवतंय, शेवटी म्हणाले, "मुलीच झाडणार असतील तर कलम एक पुसून टाका. पण मग हात वर करून पुसा."

सुरेश म्हणाला, "झाडणं पोरींचंच काम असतंय."

सर म्हणाले, "मी बी तसंच धरून चाललो व्हतो. सवयीनं यादी केली."

दस्तगीर खाली मान घालून अर्ज परत वाचायला लागला. त्याचा स्वतःचा शनिवारचा खो-खो जाणार होता ना! टीममध्ये सगळ्यात भारी पळायचा तो.

शेवटी मान वर करून म्हणाला, "लक्ष्मी सही बोलतीय. यादी रद्द. आता सगळे झाडनार. मैं भी. आन् यादी सरांनी केली, तो पहिली पाळी सरांची."

अख्ख्या वर्गाच्या माना सरांकडे.

सर उठले. "हुकूम मान्य."

शनिवारी धोतराचा सोगा खोचून सर कोपऱ्यापासून झाडायला लागले. आम्ही सगळ्या दारात! तेवढ्यात हेडसर आले. "इंगोले, हे काय चाललंय?"

"कोर्टाचा हुकूम हाय, सायेब. जरा पाय उचला."

आणि हेडसरांनी पाय उचलला हो!!

त्या शनिवारी मी पहिल्यांदा खो-खो खेळले. पहिल्याच डावात आऊट झाले. पण काय सांगू, घरी जाईपर्यंत जमिनीवर पाय नव्हते. अम्माला म्हटलं, सरांनीच झाडलं. तिच्या हातातली विडी तशीच राहिली. मग म्हणाली, "जा, अभ्यास कर."

पुढे दर दिवाळीला सरांना फोन करायचे. पहिला प्रश्न ठरलेला. "लक्ष्मी, झाडतंय कोण?"

"शनिवारी हे झाडतात, सर!" (लग्नाआधीच ह्यांना केस सांगून टाकली होती. नंतर कटकट नको.)

आज शनिवार. पाळी ह्यांची.

पण आज मला झाडायचं होतं. सरांसारखं, कोपऱ्यापासून.

आता एकटीचा हात कसा चालेल? ह्यांना विचारलं. ह्यांनी झाडू माझ्याकडे दिला आणि हात वर केला.

घरात आम्ही दोघंच. दोन्ही हात वर.

सर, एका दिवसापुरती घटनादुरुस्ती केली आहे. नियमाने केली आहे.

या आता, सर.

तुमची वादी,
लक्ष्मी, सातवी ब