एक आत, एक बाहेर

सबंध बेंगळुरात आपलं घर पुरतं असं म्हणणारा एकच माणूस मला भेटला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. आम्ही बाकीचे, म्हणजे पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेले, सर्जापूर रोडला तीन-तीन बेडरूमचे फ्लॅट घेऊन बसलो आहोत आणि तरी चपला कुठे ठेवाव्यात हा प्रश्न सुटलेला नाही. मामा मात्र कारखान्याचं क्वार्टर सोडल्यापासून शिवाजीनगरच्या बाजारामागच्या गल्लीत, एका घराच्या वरच्या मजल्यावर दीड खोलीत राहतात, आणि 'जागा' हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जमीनदाराचं समाधान असतं. जन्मभर त्यांनी सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले. यंत्रात रिकामा कोपरा नसतो तसा तो घरातही नसावा, असं त्यांचं मत. मामींचं मत काय, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

त्या दीड खोलीत प्रत्येक वस्तूला किमान दोन नोकऱ्या कराव्या लागतात. पलंग सकाळी भिंतीत जातो आणि त्याच्या पाठीवर आरसा असतो. इस्त्रीचं टेबल म्हणजेच जेवणाचं टेबल, ते बिजागरीवर भिंतीतून खाली येतं. फक्त ते खाली आलं की न्हाणीघराचं दार उघडत नाही, म्हणून जेवायला बसण्यापूर्वी मामा पाहुण्यांना गंभीरपणे विचारतात, "कुणाला जायचंय? आत्ता सांगा." माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना हा प्रश्न उद्धट वाटला आणि ते काही बोलले नाहीत. मग दुसऱ्या भाताला त्यांना उठावंसं वाटलं. आम्ही पाच जण आपापली ताटं डोक्याच्या उंचीवर धरून भिंतीला चिकटून उभे राहिलो, मामांनी टेबल मिटलं, वडील गेले, आले, टेबल पुन्हा उघडलं. "स्वल्प अॅडजस्ट माडी," मामा शांतपणे म्हणाले आणि त्यांना ताक वाढलं. चाळीस वर्षं इथे राहून जरा सांभाळून घ्या हे मराठीत सांगायची त्यांची सवयच गेली आहे.

त्यांच्या खिशात कायम एक स्टीलची टेप असते. आमच्या वास्तुशांतीला सगळे पूजेला नमस्कार करत होते तेव्हा मामा कोपऱ्यातली खोली मोजत होते. "ही खोली काय काम करते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाहुण्यांसाठी आहे. "कोण आलंय?" "अजून कुणी नाही." "वा, जावईबापू! न आलेल्या माणसाची सोय केलीत. आलेले उभे आहेत." खरी गंमत पुढेच आहे. मामांचा नियम असा की घरात एक वस्तू आली की एक बाहेर गेली पाहिजे, आणि ती पाहुण्यानंच न्यायची. आम्ही दिवाळीला त्यांना शर्ट नेला की येताना आमच्या हातात टेबललॅम्प असतो. आंब्याची पेटी नेली तर खुर्ची. शिलाईचं मशीन, जुना रेडिओ, एक पाट, मोडका हार्मोनियम हे सगळं आमच्या त्या पाहुण्यांच्या खोलीत येऊन बसलं आहे. मामांचा साधेपणा ठेवायला आम्हाला एक अख्खी बेडरूम लागते. पण हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

या नियमाला सगळ्यात मोठा धोका संक्रांतीचा. मामी हळदीकुंकवांना जातात आणि रथसप्तमीपर्यंत डझनभर वाणं घरी येतात. प्लास्टिकच्या वाट्या, चहाच्या गाळण्या, देवाचे छोटे दिवे. ही घुसखोरी मामांना सहन होत नाही. म्हणून यंदा मामींच्या हळदीकुंकवाची व्यवस्था त्यांनी स्वतःकडे घेतली. खोलीत चारच बायका मावतात, तेव्हा प्रत्येकीला वेळ ठरवून दिली. दारात मामी हळदीकुंकू लावायच्या, तिळगूळ द्यायच्या, आणि आत मामा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं वाण हातात ठेवायचे. विकत काही आणलं नव्हतं. घरातल्याच वस्तू होत्या, सहा महिन्यांत न वापरलेल्या. बायका हसत, भीत, जड पुडकी सांभाळत जिना उतरल्या. संध्याकाळी मामा इतके खूश होते की त्यांनी मला फोन करून सांगितलं, "अख्खी एक फळी सुटली!"

दुसऱ्या दिवशी मामींना त्या फळीवर मामांचा स्क्रूंचा डबा दिसला आणि पुरणयंत्र दिसलं नाही. पितळेचं, तीन पायांचं, हातानं फिरवायचं. श्रावणानंतर ते खाली काढलेलं नव्हतं आणि पुरण वाटण्याशिवाय त्याला दुसरं काम येत नव्हतं, त्यामुळे दोन्ही कलमांखाली ते दोषी ठरलं होतं. मामी एवढंच म्हणाल्या, "ते आईचं होतं." आणि बोलायच्या थांबल्या.

मोठ्या घरात अबोला परवडतो. एक जण हॉलमध्ये, एक जण आत, आठवडा निघून जातो. दीड खोलीत अबोला धरलेल्या माणसाला दिवसातून पन्नास वेळा अंग चोरून वाट द्यावी लागते. मामी वाट देत, चहा देत, पलंगाची दुसरी कडी लावायला हातही देत, पण शब्द नाही. दहाव्या दिवशी मामा सकाळी आमच्या दारात उभे होते. "गाडी काढा," म्हणाले, "होळीच्या आत ते सापडलं पाहिजे. ती बोलत नाही तर मला ते घर फार मोठं वाटायला लागलंय." मामांच्या तोंडून घर मोठं वाटतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि गाडीची किल्ली घेतली.

पण दिलेलं वाण परत मागायचं कसं? पुडकी सगळी गुंडाळलेली, त्यामुळे यंत्र कुणाला गेलं हे मामांना आठवेना, आणि सरळ ते विचारेनात. हळदीकुंकवाला आलेल्या एकेकीच्या घरात ते शिरत, टेप काढत, आणि "तुमची जागा कशी वापरता ते बघायला आलो" असं सांगून थेट स्वयंपाकघर मोजायला लागत. त्या घरच्या बाईंचा नवरा मला हळूच विचारी, "हे महापालिकेचे का?" अशी पंधरा घरं आणि पंधरा फिल्टर कॉफ्या झाल्या. सोळावं घर कोरमंगलात होतं. तिथे तीन मुली मिळून भाड्यानं राहतात. त्यातली नागपूरची एक मामींच्या ओळखीची, तीच हळदीकुंकवाला आली होती. खिडकीत ऊन खात पुरणयंत्र बसलं होतं आणि त्यातून मनीप्लँट डोकावत होता.

"इतकं क्यूट आहे ना काका!" ती म्हणाली. "आम्हाला वाटलं प्लँटरच आहे. खाली पाणी जायला होल्स पण आहेत."

मामा खुर्चीवर बसले. मी सगळं सांगून टाकलं. मुलीचा चेहरा उतरला. "अहो, मग घेऊन जा ना! सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं."

"दिलेलं वाण परत घेत नाहीत," मामा म्हणाले. "नियम आहे." आयुष्यभर दुसऱ्यांना नियम लावणारा माणूस स्वतःलाच नियम लागल्यावर कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. शेवटी मीच त्या मुलीला म्हटलं, होळीला तुम्ही तिघी ते घेऊन मामींकडे या आणि पुरण वाटून द्या. यात कुठलाही नियम मोडत नव्हता.

होळीला तिघी आल्या. यंत्र चिंच लावून लख्ख घासलेलं होतं. मामींनी ते हातात घेतलं, जाळी काढून उजेडात धरून पाहिली, आणि नागपूरच्या मुलीला म्हणाल्या, "ये इकडं, दांडा तू फिरव. गरम असतानाच वाटायचं." मग त्या दीड खोलीत आम्ही सात माणसं झालो. मामांना आत जागा उरली नाही, म्हणून ते जिन्याच्या पायरीवर ताट मांडीवर घेऊन बसले आणि एका शब्दानं कुरकुरले नाहीत.

मुली निघाल्या तेव्हा मामींनी यंत्र धुतलं, पुसलं, मुलीला कुंकू लावलं आणि ते तिच्या हातात ठेवलं. ती घेईना. "घे गं. मागच्या वेळी ह्यांनी दिलं होतं," मामी म्हणाल्या. "आता मी देतेय."

दार लोटल्यावर मामांनी टेबल मिटून भिंतीला लावलं. मग म्हणाले, "अगं, तुझं आणखी काय काय गेलं?"

मामींनी पदराला हात पुसले आणि सांगायला लागल्या. शिलाईचं मशीन. वडिलांच्या पत्रांची पिशवी. हार्मोनियम, तो मोडका नव्हता, फक्त भाता बदलायचा होता. त्या सांगत राहिल्या, अगदी साध्या आवाजात, आणि मामांनी त्यांना एकदाही मध्ये तोडलं नाही. आम्ही उठलो तरी यादी चालूच होती.

परतताना गाडी मी चालवत होतो, बायको शेजारी होती. मामांनी विचारलेला तोच प्रश्न घरी पोचल्यावर आपणही तिला विचारावा असं मी पक्कं ठरवलं होतं. पण आल्या आल्या ती आत गेली, आणि ती नेमकी कुठल्या खोलीत आहे हे शोधत फिरेपर्यंत माझा विचारायचा धीर राहिला नाही.