छावणीतला अर्धा कोयता

सुपरहिरोंचे सिनेमे बघणाऱ्या मोठ्या माणसांना कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. आमच्या शाळेतले एक सहकारी परवा म्हणाले, "मॅडम, या वयात असला पोरखेळ बघता?" मी म्हटलं, "बघते. डोळे माझे, रविवार माझा." गेवराईहून एसटीनं बीडला जायचं, तिकीट काढायचं आणि एकटीनं बघून यायचं, हे मी वर्षातून तीन-चारदा करते. नवऱ्यालाही सोबत नेत नाही. शेवटी सुपरहिरो उडत येतो, पडणाऱ्या माणसाला झेलतो, थेटरातली पोरं शिट्ट्या मारतात आणि मला रडू येतं. तेव्हा शेजारी ओळखीचं कुणी नको असतं.

हे वेड मला लावलं माझ्या थोरल्या बहिणीनं. मी तिला आक्का म्हणते.

मी सातवीत होते, ती दहावीत. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. आमचं गाव आष्टी तालुक्यात. विहिरी तळाला गेलेल्या, कडबा संपलेला. गावापासून कोसभर अंतरावर सहकारी दूध संस्थेनं गुरांची छावणी उघडली. दूधच आटल्यामुळे संस्थेचं संकलन बंद होतं, आवार मोकळं पडलं होतं. दोन बैल आणि एक गाय घेऊन आम्ही तिथं राहायला गेलो. राहायला म्हणजे खरोखर राहायला. दावणीशेजारी बाजा, तीन दगडांची चूल आणि वर जुन्या साड्यांची सावली. आक्कानं दहावीची परीक्षा तिथूनच दिली. पेपरला निघताना तिच्या केसांत चाऱ्याच्या काड्या अडकलेल्या असायच्या, त्या मी वेचून काढायची.

संस्थेच्या ऑफिसात एक टीव्ही होता. दुपारी चारावाटप झालं की सचिव तो पत्र्याच्या शेडात आणून ठेवत. त्यांच्याकडे सीड्यांचा गठ्ठा होता आणि त्यात निम्म्याहून जास्त सिनेमे हिंदीत बोलणाऱ्या परदेशी सुपरहिरोंचे. दुसरं काही नव्हतं म्हणून अख्खी छावणी तेच बघायची. म्हाताऱ्या माणसांना हिंदी धड कळत नसे. मग आक्का टीव्हीशेजारी उभी राहून सगळं आमच्या बोलीत सांगायची. सांगायची कसली, स्वतःचंच रचायची.

"ह्यानं तोंड कावून झाकलंय गं?" एका आजीनं विचारलं.

"सासरवाडीचं गाव हाय आजी ते. लाजतोय."

"आन् पाठीवर येवढं पांघरून?"

"वर उडताना गारठा लागतो."

एका म्हाताऱ्या बाबांची वेगळीच तक्रार होती. "ह्याचा डबा कोन बांधतं? येवढी मारामारी केली, पन भाकर खाताना एकदाबी दिसला न्हाई." आणि तरीही रोज सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसायचे तेच. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला काय आवडतं यात? ते म्हणाले, "अगं, ह्यो बिनअर्जाचा येतो. ठराव न्हाई, सही न्हाई, शिक्का न्हाई. पोरगी वराडली की ह्यो हजर." आमच्या गुरांच्या कानात बिल्ले होते, घरटी एक कार्ड होतं आणि पाण्याच्या टँकरसाठी सरपंचांनी कितीदा अर्ज केले होते ते त्यांनाच माहीत. सुपरहिरो लोकांना का आवडतात यावर मी पुढे बरंच काही वाचलं. ताकद, स्वप्नं, बालपण वगैरे. त्या बाबांच्या इतकं खरं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

एके दिवशी त्या आजींनी विचारलं, "ह्यो एकलाच कावून भांडतो? दुसरं कुनी न्हाई का?"

आक्का पटकन म्हणाली, "अर्धा कोयता हाय आजी त्यो. जोडी कुठं हाय त्याला?"

शेडात हशा पिकला. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळीत मोजणी अशीच असते, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम नाखुशीनंच घेतो. त्या दिवसापासून छावणीत सुपरहिरोला दुसरं नावच राहिलं नाही. "आज अर्ध्या कोयत्याचा पिक्चर हाय का?" असं बायका धुणं टाकून विचारायच्या. आक्का तेव्हा कशी दिसायची ते मला स्वच्छ आठवतं. ओढणी कमरेला बांधलेली, हात हवेत, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. तिच्याइतकं हुशार माणूस मी अजून पाहिलेलं नाही. निकाल लागला की आष्टीला अकरावीत जायचं, हे तिनं पक्कं केलं होतं.

हसणाऱ्यांत एक मुकादम होता. त्याचीही गुरं छावणीत होती. हसू ओसरल्यावर तो दादांना म्हणाला, "पाव्हणं, माझ्या टोळीतबी एक अर्धा कोयता हाय. माझा भाचा. ही पोरगी त्याला पुरा करंल बघा."

पुन्हा सगळे हसले. आक्कासुद्धा हसली. दादा म्हणजे माझे वडील. ते हसले नाहीत, तेवढं माझ्या लक्षात आलं होतं.

चार दिवसांनी मुकादम केळी घेऊन आमच्या बाजेवर येऊन बसला. भाचा काही वाईट नव्हता, ते मी आजही सांगेन. आक्काला मात्र सोळावंही सरलं नव्हतं. तिनं नाही म्हटलं. माय रडली. दादा म्हणाले, "येत्या हंगामाला आमाला दोघांना तोडीला जावंच लागंल. धाकटी वसतिगृहात ऱ्हाईल. वयात आलेली पोर मी कुनापाशी ठेवू?" दादांचा राग करायला मला आवडलं असतं, सोपं झालं असतं. पण त्या रात्री ते जेवले नाहीत, हेही खरंच आहे.

मायनं मला बजावलं, "कुटं बोलायचं न्हाई. शाळंतल्या मॅडमला कळलं तर त्या लगीन मोडतेत. पोलीस आनतेत."

दुसऱ्या दिवशी आक्कानं मला एक पुस्तक दिलं. विज्ञानाचं, मॅडमचंच होतं. "हे मॅडमच्या हातातच दे. शिपायाकडं न्हाई. आन् त्यांनी काई इचारलं तर लाजू नको, उत्तर दे."

मी कोसभर चालत शाळेत गेले. मॅडमनी पुस्तक घेतलं, मला पंख्याखाली बसवलं आणि विचारलं, "तुझी आक्का का नाही आली? घरी तिचं काही ठरतंय का?"

आता माझी अक्कल बघा. महिना-दीड महिना रोज सुपरहिरो बघून मी एकच नियम शिकले होते, गुपित फोडायचं नाही. मुखवट्यामागचा माणूस कोण हे ज्याला ठाऊक असतं, त्याला कितीही छळलं तरी तो बोलत नाही. बोलतो तो गद्दार. आमच्या घरचं गुपित माझ्याकडे होतं आणि समोर मोठं माणूस ते काढून घ्यायला बघत होतं.

"न्हाई मॅडम. ती बैलांपाशी हाय."

"खरं सांगतेस?"

"खरं."

मॅडमनी मला एक पेन दिलं आणि जायला सांगितलं. भर उन्हात परत येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी शूर वागले होते. आक्का दावणीपाशी शेण भरत होती. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, "मॅडमनी इचारलं आक्का, पन मी काईच सांगितलं न्हाई."

तिनं हातातली पाटी खाली ठेवली. "शाणी हायेस," म्हणाली. मग विचारलं, "पानी पिलीस का?"

चिठ्ठी का दिली नाही, असं मी तिला मनातल्या मनात हजारदा विचारलंय. चिठ्ठी मायच्या हाती लागली असती. आणि स्वतःच्या बापावर पोलीस आणा, हे कागदावर लिहायला तिचा हात धजावला नसता. माझ्या तोंडून सहज निघून गेलं असतं तर ते कुणी मुद्दाम केलं असं झालं नसतं.

लग्न छावणीतच झालं. गुरं सोडून कुणाला जाता येत नव्हतं. चाऱ्याच्या ट्रॉल्या एका बाजूला सारून मांडव घातला. त्या दुपारी टीव्ही लागला नाही म्हणून लहान पोरं कुरकुरत होती. निकाल जूनमध्ये लागला, ती पहिल्या वर्गात पास झाली. गुणपत्रिका मी आणली. दिवाळीच्या आधी ती नवऱ्याबरोबर टोळीच्या ट्रकमध्ये चढली, एक कोयता पुरा झाला. मी वसतिगृहात गेले आणि शिकले.

मॅडम आमच्या घरी आल्या होत्या. दिवाळीनंतर, आक्का अकरावीच्या यादीत दिसली नाही तेव्हा. घराला कुलूप होतं. पाऊसही आला, छावणी उठल्यावर. आमच्याकडं सगळं येतं. वेळेवर येत नाही, इतकंच. थेटरात माझ्या पुढच्या रांगेतली पोरं सुपरहिरोच्या दंडाकडं बघून शिट्ट्या मारत असतील. मी बघते ते तो वेळेवर पोचतो ते.

गेल्या उन्हाळ्यात आक्का आठ दिवस माझ्याकडं होती. तिची कंबर गेली आहे, उसाच्या मोळ्या वाहून वाहून. माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी, पण बाजारात मला एकीनं विचारलं, ही तुमची आई का? दुपारी माझी मुलगी मोबाईलवर तसलाच एक सिनेमा बघत होती. आक्का तिच्याजवळ जाऊन बसली आणि थोड्या वेळानं तिला स्वतःचंच काहीतरी रचून सांगायला लागली. मुलगी खदखदून हसत होती. मी स्वयंपाकघरात उभी होते, मला ते सहन झालं नाही.

मुलगी खेळायला गेल्यावर मी एवढ्या वर्षांनी विचारलं. "आक्का, त्या दिवशी मी मॅडमला सांगावं म्हणूनच पाठवलं होतंस ना मला?"

"झालं गेलं. तू बारकी होतीस."

"मी परत आले तेव्हा तू रागावली पण नाहीस. मी काही सांगितलं नाही म्हटल्यावरसुद्धा."

"तू सांगायच्या आधीच कळलं होतं मला," आक्का म्हणाली. "तू रस्त्यानं येताना दिसलीस ना, तवा मी तुझ्याकडं न्हाई, तुझ्या मागं बघत व्हते. म्हनलं, कुनी येतंय का."