तारप्याच्या जागेसाठी धावलेली आत्या

आमची आत्या चहासुद्धा उभ्याने प्यायची. जव्हारच्या बाजारात तिचं शिलाईचं दुकान होतं; पण ब्लाउज न्यायला गिऱ्हाईक यावं आणि आत्या जागेवर नसावी, हे नेहमीचंच. "बसलं की माणूस गंजतो," म्हणायची आणि पिशवी उचलून निघायची. सगळे तिला भिंगरी म्हणत. मीही.

पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावर नाचाची जुनी जागा आहे. भातकापणी झाली की तारपा वाजवणाऱ्याभोवती सगळा पाडा तिथे फेर धरतो. आत्या दरवर्षी जायची, फेरातही शिरायची. ती जागा एका कडेने ओढ्यात खचू लागली, तशी तिला चैन पडेना. असल्या जागा जपायला सरकारी निधी मिळतो हे कळलं मात्र, तिच्या मोखाडा-पालघर चकरा सुरू झाल्या. साहेब जेवायला गेलेत म्हटलं की ही व्हरांड्यात येरझारा घालायची. शेवटी शिपाईच वैतागून तिला आत सोडायचा.

निधी मंजूर झाला. पाड्यावर तिला ओवाळलं. पण ठेकेदाराचा ट्रक आला तो सिमेंटचे पेव्हर ब्लॉक घेऊन. खचणाऱ्या कडेसाठी काहीच नाही, नाचाची माती तेवढी झाकून टाकायची!

तारपा वाजवणारे बाबा म्हणाले, "बाय, ह्याच्यावर नाचायचा कसा?"

आत्या ट्रकसमोर आडवी झाली. "एक ब्लॉक उतरवायचा नाही."

पाड्यावरचीच सरपंचबाई भडकली. "ताई, तुम्ही जाल जव्हारला. निधी परत गेला तर आम्हाला पुन्हा कोण देल?"

आत्याने तरीही ट्रक परत पाठवला. परतीच्या जीपमध्ये ती नुसती बोटांशी चाळा करत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालघर. ब्लॉकऐवजी कडेला दगडी बांध घाला, हे पटवण्यात महिने गेले. बांध झाला, पण अर्धाच. उरलेला निधी खरोखरच परत गेला. सरपंचबाईने बोलणं टाकलं.

"तिचं काही चुकलं नाही गं," आत्या म्हणायची आणि घरभर फिरत राहायची.

पुढच्या पावसाळ्यात छातीच्या दुखण्याने तिला नाशिकला नेलं. सलाइन लावलेली असतानाही तिने विचारलं, "बांध टिकलाय ना?"

मला ठाऊक नव्हतं.

"मग इथे काय करतेस? बघून ये."

मी गेले. बांध टिकला होता. परत पोहोचेपर्यंत आत्या राहिली नव्हती.

कापणीनंतर तारपा वाजू लागला तेव्हा मी कडेला उभी होते. सरपंचबाईने फेर थांबवून मला हाक मारली, "या, ताईंच्या जागी."

"मला नाच येत नाही हो."

"त्यांना तरी कुठं येत होता," म्हणत तिने डोळे पुसले आणि माझ्या कमरेत हात घातला.